अकरा मोबाईल आणि मालतीअक्का

मालतीअक्का गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि ती मला कळायच्या आत दोघांनी तिच्याखाली 'अभिनंदन मॅडम' असं लिहूनही टाकलं होतं. वर अक्कांचा हसरा फोटो, खाली काळ्या चौकटीत मजकूर. पण आमच्या लोकांना मजकूर वाचायची सवय कुठे? फोटो दिसला म्हणजे मॅडमना काहीतरी मिळालं असणार, ठोका अभिनंदन! एकाने तर पेढ्यांच्या बॉक्सचं चित्र पाठवलं होतं. मी अंगणात दाढी करत बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण, तसाच उठलो आणि त्या दोघांना फोन करून ज्या शब्दांत झापलं ते शब्द पुरवणीत छापता येणार नाहीत. झापून झालं, फोन खाली ठेवला, आणि मग लक्षात आलं, ही गंमत जिला सगळ्यात जास्त आवडली असती ती बाईच आता नव्हती. अक्का पोट धरून हसल्या असत्या, आणि हसून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाल्या असत्या, "भाऊ, न वाचता पुढे जाणारे ते दोघे कोण? नोंद हवी मला."

मी निवृत्त हवालदार. आयुष्यभर लिहिलं ते पंचनामे आणि जबाब, त्यामुळे मजकुरात कुठे 'सदर' किंवा 'समक्ष' घुसलं तर सांभाळून घ्या. अक्का जळगावच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवायच्या. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना या बाईंनी पीएचडीला नाव नोंदवलं. लोक त्या वयात गुडघ्यांचं औषध शोधतात. अक्कांनी विषय शोधला आणि तोही कसा! जातीवरून, धर्मावरून कुणाला मारहाण झाली, कुणाची वरात अडवली, कुणाला पाणवठ्यावरून हाकललं, की तो माणूस आधी कुणाच्या दारात जातो? पोलिसांच्या, दवाखान्यातल्या सिस्टरच्या, नाहीतर ग्रामसेवकाच्या. त्या दारातल्या माणसाने पहिली पाच मिनिटं कसं वागावं हे मोबाईलवरून शिकवणारा एक कोर्स शहरातल्या एका संस्थेने काढला होता. तो करून आमच्यासारखा माणूस खरंच बदलतो का, की पालथ्या घड्यावर पाणी, हे अक्कांना शोधायचं होतं. जळगाव आणि धुळ्यातली काही ठाणी, काही दवाखाने त्यांनी निवडले. त्यात आमचं ठाणं आलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना अजून नोकरी करायची आहे.

पहिल्या दिवशी अक्का एसटीने आल्या. खांद्याला जड पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, साडीवर. साहेबांनी आम्हा अकरा जणांना उभं केलं. अक्का म्हणाल्या, "सहा पाठ आहेत. प्रत्येक पाठानंतर प्रश्न. मन लावून ऐका, एवढीच विनंती." आम्ही सगळे एका सुरात "हो मॅडम" म्हणालो. पोलीस एका सुरात 'हो' म्हणाले की समजावं, यातलं काही होणार नाही. मी तर मनात म्हणत होतो, तीस वर्षं खाकी घातली, आता मोबाईलमधली पोरगी मला शिकवणार का तक्रार कशी घ्यायची!

त्याच आठवड्यात माझा पाय मोडला. चोरामागे धावताना वगैरे नाही, घरच्या ओट्यावरून मांजर हाकलताना. प्लॅस्टर घालून मला मागच्या खोलीत टेबलाशी बसवलं, आणि मग आमच्या ठाण्याच्या सुपीक डोक्यातून ती योजना निघाली. भास्करभाऊ बसूनच आहेत, तर सगळ्यांनी आपापला मोबाईल त्यांच्याकडे द्यायचा, भाऊंनी कोर्स लावायचा, भाऊंनीच बटण दाबायचं. म्हणजे काय की त्या कोर्सात दर दहा मिनिटांनी 'मी पाहत आहे' असं बटण यायचं. ते दाबलं नाही की पाठ पुन्हा पहिल्यापासून. संस्थावाल्यांना वाटलं, आता कोण फसवील? खान्देशी डोकं त्यांना माहीत नव्हतं. टेबलावर अकरा मोबाईल ओळीने मांडलेले, वायरींचा गुंता, आणि मध्ये मी, प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर टाकून. इकडचं बटण दाबेपर्यंत तिकडचं यायचं. अकराही मोबाईल पुढेमागे चालायचे, त्यामुळे एक म्हणायचा "नमस्कार", दुसरा म्हणायचा "पीडित व्यक्तीला धीर द्या", आणि तिसरा "हा पाठ येथे संपला". आवाज एकाच बाईचा, गोड, शहरी. आम्ही तिला कोर्सवाली म्हणायचो. प्रश्नही मीच सोडवायचो, अकरा वेळा.

याचा परिणाम आधी माझ्या घरात दिसला. एकदा जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण मला थोडी भाजी वाढाल का?" बायको हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हाई काय नवं शे? पाय मोडना का डोकं?" तिने शेजारणीलाही सांगितलं. दोन दिवस आमच्या गल्लीत माझ्या तब्येतीची चौकशी चालू होती.

निकाल आला तेव्हा अक्का जळगावहून केळीचे वेफर्स घेऊन आल्या. अख्खं ठाणं उत्तम गुणांनी पास! फक्त एक प्रश्न अकराही जणांचा चुकला होता आणि सगळ्यांचं चुकीचं उत्तरही एकच होतं. 'पीडित व्यक्ती रडू लागल्यास काय कराल?' बरोबर उत्तर होतं, तिला वेळ द्या. आमच्या अकरा जणांचं उत्तर, 'रडू नका असे सांगू'. आता हे उत्तर माझं होतं, मनापासूनचं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला तेच बरोबर वाटायचं. पण अक्कांना त्यात काहीतरी मोठं सापडलं. त्यांनी त्या एका उत्तरावर दोन पानं लिहून काढली, ग्रामीण पोलिसाच्या मनाची जडणघडण अशा काहीतरी मथळ्याची. मला वाचून दाखवली. मी वेफर्स खात मान डोलावत होतो. माझ्या मनाची जडणघडण मलाच कळेना.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई ठाण्यात आली. सातपुड्याच्या पायथ्याकडची आदिवासी बाई, नवऱ्याबरोबर आमच्या भागात मजुरीला उतरलेली. गावातल्या नळावर पाणी भरायला गेली, तर चौघांनी तिचा हंडा फेकला, जातीवरून नको ते बोलले आणि काठीने मारलं. दंडावर वळ होते. नवरा दाराबाहेरच उभा, आत यायला तयार नाही. ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर मी. एरवी माझ्या तोंडातून जे निघालं असतं ते ठरलेलं होतं, 'तू तिकडे गेलीस कशाला?' तीस वर्षं तोच माझा पहिला प्रश्न. पण तोंड उघडलं आणि आतून कोर्सवाली बोलली! मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार. आपण येथे सुरक्षित आहात. कृपया आसनस्थ व्हा."

बाई भिंतीला चिकटली. "मी काही करं नही साहेब, मी काही करं नही!" असं म्हणत मागे मागे सरकायला लागली. आजवर तिच्याशी अशा भाषेत कोणी बोललं असेल तर ते बहुतेक कोर्टातच. हवालदार हात जोडतोय म्हणजे आता फाशीच, अशी तिची समजूत झाली असणार. नवरा बाहेरून पळायच्या बेतात. मग मी कोर्सवालीला मनातच गप्प बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणालो, "बठ माय, आठे बठ. काय व्हयनं ते सांग. सावकाश." ती टेकली आणि रडायला लागली. मी लगेच सवयीने म्हणालो, "रडू नको, रडू नको." तिने पदरातून डोळे वर केले. "आते रडानं बी नही का?" म्हणाली. मग ती पोटभर रडली, मी पेन हातात घेऊन बसून राहिलो, आणि नंतर ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिलं. शिव्यासुद्धा, जशाच्या तशा. साहेबांनी योग्य कायद्याखाली गुन्हा नोंदवला. खटला अजून चालू आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

ही हकिकत अक्कांच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्या हजर. चेहरा नुसता फुललेला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, एक माणूस शिकला होता आणि शिकल्यासारखं वागला होता. प्रबंध दोन महिन्यांत सादर करायचा होता. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "भाऊ, नेमकं त्या क्षणी तुम्हाला हे आठवलं कसं?" मी फुशारकीच्या भरात बोलून गेलो, "न आठवायला काय झालं मॅडम? अकरा वेळा ऐकलं होतं ना!"

"अकरा वेळा?" अक्कांचं पेन थांबलं. "कोर्स तर एकदाच होता."

आता पोलिसाला गुन्हेगाराचा चेहरा ओळखता येतो, पण स्वतःचा लपवता येतोच असं नाही. मी खोकलो. पाणी प्यालो. मग म्हटलं मरू दे, आणि सगळं सांगून टाकलं. मोबाईलची ओळ, वायरी, बटण, आणि ती दोन पानांची जडणघडण म्हणजे माझं एकट्याचं गाढवपण. बोलून झाल्यावर मी खाली बघत बसलो. नोकरीचे चार महिने उरले होते, खात्याची चौकशी लागली असती तर शेवट काळा झाला असता. पण खरं सांगू का, त्या वेळी मला स्वतःपेक्षा या बाईंचं वाईट वाटत होतं. त्यांची चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत बुडाली होती. त्यांनी वही मिटली. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडताहेत, म्हणून मी या वेळी शहाण्यासारखा गप्प राहिलो. बघतो तर काय, बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, चष्मा टेबलावर. "आसनस्थ व्हा!" एवढंच म्हणता येत होतं त्यांना. "आसनस्थ व्हा!" त्या दोन पानांचे त्यांनी माझ्यासमोर तुकडे केले आणि एक वेफर खाल्ला.

मग शांत झाल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या सातवीत असताना गिरणेकाठच्या त्यांच्या गावात त्यांच्या वस्तीतली वरात अडवली होती. वडिलांचं डोकं फुटलं. वडिलांच्या सदऱ्याचं टोक धरून त्या ठाण्यात गेल्या. तिथल्या हवालदाराने मान वर न करता विचारलं, "वरात तिकडून नेलीच कशाला?" वडील वळले आणि घरी आले. त्यानंतर कशासाठीही, कुणाच्याही दारात गेले नाहीत. "माझे वडील त्या एका प्रश्नावर परत फिरले, भाऊ," अक्का म्हणाल्या. "माझ्या हयातीत एका तरी दारात तो प्रश्न बदलला पाहिजे. बाकी पीएचडी काय, नावापुढे दोन अक्षरं." मी तेव्हा शाळकरी असेन. पण तो हवालदार मी असतो तर मीही तेच विचारलं असतं, अगदी मान वर न करता. मला फार लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली.

त्यांच्या मार्गदर्शक सरांनी सरळ तोडगा काढला, हे एक ठाणं वगळा, बाकीचे आकडे छान आहेत. अक्कांचे यजमान, नाना, तेही तेच म्हणत होते. नाना रेल्वेतले, बोदवडला बरीच वर्षं होते, घरात अजून मिनिटावर चहा. मी एकदा त्यांच्या जळगावच्या घरी गेलो होतो तेव्हा ते मला म्हणाले, "गाडी सुटायला दोन मिनिटं उरली, आणि ही बाई म्हणते आधी रूळ तपासते! हे खूळ कधी उतरणार ते तुम्हीच सांगा, हवालदार." आतून अक्का ओरडल्या, "रूळच खोटे असले तर गाडी सोडायची का?" नाना म्हणाले, "बघा, असं आहे." आणि पेपर तोंडासमोर धरला.

अक्कांनी रूळ तपासले. पुन्हा सगळ्या ठिकाणी गेल्या आणि या वेळी एकच विचारलं, बटण कुणी दाबलं? आणि काय काय बाहेर आलं म्हणता! एका दवाखान्यात एका सिस्टरने चौघींचा कोर्स इंजेक्शनच्या ट्रेमध्ये मोबाईल मांडून उरकला होता. एका ग्रामसेवकाचा कोर्स त्याच्या सुनेने भाकरी करता करता ऐकला होता. आता त्या गावात कुणी रडत आलं की सून आधी पाणी देते, आणि ग्रामसेवक ओट्यावरून विचारतो, "पण तुम्ही तिकडे गेलातच कशाला?" प्रबंध दोन वर्षं लांबला. त्यात असं निघालं की कोर्स शिकवतो, पण ज्याने ऐकला त्यालाच. त्यातही शहरी गोडवा आमच्याकडे माणसाला घाबरवतो, म्हणून शिकवणं आमच्या बोलीत हवं, आणि शिकल्यावर कुणीतरी पुन्हा येऊन विचारत राहायला हवं. "हे मी बसल्या जागी सांगितलं असतं," असं नाना म्हणाल्याचं अक्काच मला सांगायच्या.

प्रबंधात माझं नाव नव्हतं. मी 'ह-७', म्हणजे हवालदार क्रमांक सात. हे गुपित अक्कांनी जिवापाड जपलं, कागद कुलपात ठेवले, मार्गदर्शकांनाही सांगितलं नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो, तरी त्यांनी तोंडी परीक्षेला मला बोलावलं आणि बजावलं, "भाऊ, मागच्या रांगेत बसायचं. काही झालं तरी बोलायचं नाही." मी पांढरा सदरा घालून बसलो. सगळं उत्तम चाललं होतं. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंध चाळत होते. मध्येच त्यांनी मोठ्याने वाचलं, "ह-सात?" आणि मी ताडकन उभा राहिलो, टाचा जुळवल्या, "हजर, साहेब!"

काय करणार? बत्तीस वर्षांची हजेरी अंगात मुरलेली. सगळं सभागृह मागे वळलं. अक्कांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्हीच का ते?"

"नाही साहेब."

"मग उठलात कशाला?"

यावर जो हशा झाला त्यात अक्कांची परीक्षा जवळजवळ संपलीच. परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला, पीडित रडली तर काय कराल? मी म्हणालो, "रडू द्यावं साहेब. मात्र 'रडू नका' म्हणणाऱ्याच्या पोटातही कधीकधी माया असते, एवढं लिहून घ्या." अक्का डॉक्टर झाल्या. सत्काराचा हार त्यांनी माझ्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, मी पळालो.

त्यानंतर त्यांनी एक नेम धरला. दर रविवारी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ विचारायच्या, "या आठवड्यात दारात कोण आलं? पहिला प्रश्न काय विचारला?" सांगेन ते एका वहीत उतरवून घ्यायच्या. मी निवृत्त माणूस, मला काय ठाऊक? पण अक्कांपुढे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी शनिवारी जुन्या ठाण्यात चहाला जायला लागलो आणि बघून यायला लागलो. पुढे आजारपणात दवाखान्यात भरती असतानाही त्यांनी रविवार चुकवला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं, तरी सलाईन लावणाऱ्या सिस्टरला विचारत होत्या, तुम्ही कोर्स स्वतः केलात का? सिस्टर म्हणाली, "मीच केला मॅडम, तिघींचा." अक्का माझ्याकडे बघून एवढ्या खूश झाल्या, की मला हसावं की काय करावं कळेना. तीच आमची शेवटची भेट.

त्या गेल्यावर तीन रविवार मी साडेदहाला फोनपासून लांब, गोठ्याकडे जाऊन बसलो. राग यायचा मला. एवढं सगळ्यांच्या मागे लागून बदलायला लावायचं आणि स्वतः निघून जायचं, ही काय रीत झाली?

चौथ्या शनिवारी सवयीने ठाण्यात गेलो. एक म्हातारा आला, कपाळाला फडकं बांधलेलं. गावातल्या कार्यक्रमात पंगतीतून उठवलं होतं, जात काढून ढकललं होतं. दारातच थबकला, चपला काढू की नको असं करत. टेबलावर नवी महिला शिपाई होती, माझी तिची ओळखही नाही. ती उठली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बठा आबा, पाणी प्या. मंग सांगा काय व्हयनं." म्हाताऱ्याने चपला घातलेल्याच ठेवल्या आणि बसला. मी कोपऱ्यात चहाचा कप हातात धरून उभा. चहा केव्हा गार झाला कळलं नाही.

रविवारी राहवलं नाही. साडेदहाला मीच अक्कांचा नंबर लावला. कशाला लावला, कोण उचलणार होतं, काही विचार केला नाही. नानांनी उचलला. मी म्हणालो, "नाना, मी भास्कर... काही नाही, असंच. काल ठाण्यात एक आबा आले होते." मला वाटलं, आता झापतील, त्या खुळाचं आता काय घेऊन बसलात म्हणून. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाटाचं दार वाजलं.

"थांबा हवालदार, तिची वही घेतो," नाना म्हणाले. मग पानं उलटल्याचा आवाज, आणि घसा साफ करून, "हं. सांगा. पहिला प्रश्न काय विचारला?"